१०९ तास आणि त्यानंतरचे वीस दिवस

१२ सप्टेंबर १९४८, रविवार, रात्र

गणपतीचे दिवस आहेत. भाद्रपदातला चंद्र रोज वाढतो आहे, पौर्णिमा सहा दिवसांवर आली आहे. लातूरच्या गंजगोलाईतली दुकाने बंद झाली आहेत. ही गोल इमारत १९४५ची, म्हणजे अजून नवीच. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आखणीप्रमाणे तिच्यापासून सोळा रस्ते फुटतात आणि रस्त्यागणिक बाजार बदलतो. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्यांनी हे गाव श्रीमंत केले आहे. इथला माल बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून कुर्डूवाडीला आणि तिथून पुढे मुंबईकडे जातो. लातूर अजून जिल्हा झालेले नाही, ते उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे ठिकाण आहे. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बीदर जिल्ह्यात मोडतात.

पहाटे चार वाजता सोलापूरकडून भारताची फौज हैदराबाद संस्थानाची सरहद्द ओलांडणार आहे. ठिकठिकाणचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, आणि त्यांच्या भीतीने सरहद्दीपलीकडे पळालेली कुटुंबे वाट पाहत आहेत. कशाची, हे मात्र कोणालाच नेमके सांगता येत नाही. कालच, ११ तारखेला, कराचीत जीना वारले.

तास मोजायला लागण्याआधी राजघराण्याची उतरंड पाहून घेतली पाहिजे, कारण हे राज्य काही १०९ तासांत पोखरले गेले नव्हते.

१७२४ साली मीर कमरुद्दीन निजामुल्मुल्क याने दिल्लीच्या बादशाहीतून दख्खन वेगळी काढली. त्याच्या वारसांना मराठ्यांनी दोनदा जबर धडा दिला. त्यातला पहिला ३ फेब्रुवारी १७६०चा, आपल्याच उदगीरला. सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला तिथे गाठले आणि तहात दौलताबादसह साठ लाखांचा मुलूख घेतला. दुसरा १७९५चा, खर्ड्याला. त्यानंतर तीनच वर्षांत निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. तेव्हापासून सिंहासन आपले आणि तलवार दुसऱ्याची, अशा अवस्थेत हे घराणे दीडशे वर्षे राहिले. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. १९३७ साली अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याचे चित्र छापले आणि त्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटले. ८२ हजार चौरस मैलांहून मोठे राज्य, एक कोटी साठ लाखांची प्रजा, स्वतःचे हाली चलन, स्वतःची रेल्वे. जिल्ह्याला त्याचे नाव, नांदेडच्या कापड गिरणीला त्याचे नाव. पण १९४७च्या ऑगस्टमध्ये इंग्रज निघून गेले आणि तलवार कुणाची हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याला उत्तर देण्यासाठी लातूरचा एक वकील पुढे सरसावला.

२७ ऑक्टोबर १९४७, पहाट

माझ्या मते आसफजाही राज्य खरे याच पहाटे बुडाले. निजामाचे शिष्टमंडळ भारताशी ‘जैसे थे’ करार करण्यासाठी दिल्लीला निघणार होते. करार ठरला होता, निजामाची संमती होती. पहाटेच्या अंधारात हजारोंच्या जमावाने पंतप्रधान छतारीचे नवाब, कायदेपंडित सर वॉल्टर मंक्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना गराडा घातला. शिष्टमंडळ निघू शकले नाही. जमाव मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा होता आणि तिचे नेतृत्व लातुरात वकिली करणाऱ्या कासीम रझवीकडे आले होते.

राजाने कबूल केलेली गोष्ट एका वकिलाच्या जमावाने पाडली आणि राजाने ते चालवून घेतले. छतारींनी पद सोडले, पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले. २९ नोव्हेंबरला जवळपास तोच करार झाला खरा, पण सत्ता किंग कोठीच्या वाड्यातून निसटली होती. बहादूर यार जंग १९४४ साली गेल्यावर इत्तेहादमध्ये जी पोकळी झाली, ती रझवीने आग ओकणाऱ्या भाषणांनी भरली. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा तो करी. राज्यात मुसलमानांचे प्रमाण आठात एक. ‘प्रत्येक मुसलमान हा राज्यकर्ता आहे’ असे त्यांना सांगणे म्हणजे त्यांनाच उद्याच्या सूडापुढे उघडे टाकणे होते. रझवीला ते दिसले नाही, की दिसूनही पर्वा नव्हती, कुणास ठाऊक. परिणाम एकच झाला.

मधले दहा महिने

हे महिने मराठवाड्याच्या घराघरात अजून सांगितले जातात. ‘रझाकारीत’ म्हटले की पुढचे वाक्य सांगावे लागत नाही. बिलोली तालुक्यात अर्जापूरला कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून १९४६मध्येच झाला होता. आता रझवीच्या रझाकारांकडून गावे लुटणे, खंडणी, जाळपोळ, बायकांवर अत्याचार रोजचे झाले. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. तरुणांनी सरहद्दीपलीकडे बार्शी, सोलापूर, उमरखेड अशा ठिकाणी तळ उभारले. संस्थानाच्या आत, उदगीरजवळचे हत्तीबेट हाही एक अड्डा.

३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला स्वातंत्र्यसैनिकांनी स्टेट बँक लुटली. सुमारे वीस लाखांची रक्कम हाती आली आणि ती लढ्यासाठी गेली. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला, म्हणून उमरीची बातमी बाहेरच्या जगाने फारशी ऐकलीच नाही. ९ मे रोजी बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात रझाकारांनी कत्तल केली. दोनशेहून जास्त माणसे मारली गेली असे तिथले लोक सांगतात. २१ ऑगस्टच्या रात्री हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात ते गेले. ते मुसलमान होते आणि भारतात सामील व्हा असे लिहीत होते. रझाकारांविरुद्ध उभे राहिलेल्यांत मुसलमानही होते, हे त्या एका नावाने कायम लक्षात ठेवायला हवे.

१३ सप्टेंबर, सोमवार, पहाटे ४

मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे चिलखती दल सोलापूरकडून आत शिरते. पूर्वेकडून बेझवाड्याहून मेजर जनरल रुद्र यांची फौज. औरंगाबादच्या दिशेने मेजर जनरल ब्रार. दक्षिण विभागाचे प्रमुख राजेंद्रसिंहजी यांच्या हाती सगळी सूत्रे. सरकारी भाषेत ही पोलीस कारवाई. आपले लोक आजही पोलीस अ‍ॅक्शनच म्हणतात, पण निघाले होते ते रणगाडे.

समोर जनरल अल इद्रूस यांची सुमारे बावीस हजारांची संस्थानी फौज, त्यातली पुरी शिकलेली, शस्त्रसज्ज माणसे याहून खूप कमी. बाकी रझाकार. त्यांची संख्या लाखांनी सांगितली जाई, पण अनेकांच्या हाती भाले, तलवारी आणि ठासणीच्या बंदुका होत्या.

पहिली लढाई नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल उडवला असता तर हैदराबादचा रस्ता अडला असता. शिखांच्या पलटणीने तो पूल शाबूत ताब्यात घेतला. ज्या नदीला बांध घालून किल्ल्यात पाणीमहाल उभा केला, त्याच नदीवर आसफजाही राज्याचा दरवाजा उघडला.

१३ सप्टेंबर, सकाळ ते दुपारी सव्वातीन

तुळजापूरला उजाडता उजाडता दुसरी तुकडी पोहोचते. दोनेकशे रझाकार आणि संस्थानी सैनिक तिथे दोन तास झुंजतात. लोहाऱ्याकडे जाणारी वाट पुराच्या पाण्याने अडते. सव्वातीनला डोगरा पलटण उमरग्यात असते. एका दिवसात फौज लातूरच्या दक्षिणेला येऊन ठेपली.

१४ सप्टेंबर, मंगळवार

उमरग्याहून पुढे राजेश्वर. रस्त्याकडेला दबा धरून बसलेल्यांवर टेम्पेस्ट विमाने आधी मारा करतात, मागून गाड्या सरकतात. उस्मानाबादेत रझाकार गल्लीबोळातून लढतात. दौलताबाद पडते. दुपारी औरंगाबादचे मुलकी अधिकारी शहराबाहेर येऊन शरणागती देतात. १७६० साली उदगीरच्या तहाने गेलेला आणि पुढे पुन्हा मिळवलेला दौलताबाद या खेपेस कायमचा गेला.

१५ सप्टेंबर, बुधवार

जालन्यात गुरख्यांची एक कंपनी ठेवून बाकीची तुकडी लातूर आणि मोमिनाबादकडे वळते. मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, जिथल्या योगेश्वरी शाळेत रामानंद तीर्थांनी पोरे घडवली. तिथे गोवळकोंडा लान्सर्स नावापुरता प्रतिकार करून हत्यारे ठेवतात.

रझवी लातुरात नाही, तो हैदराबादेत आहे. त्याच्या नावाने वर्षभर मिरवलेले, त्याच्यापायी पोळलेले, त्याच्याशी काही देणेघेणे नसलेले, असे सगळे मुसलमान मात्र लातुरातच आहेत. विणकर, टांगेवाले, गवंडी आणि पिढीजात कच्छी व्यापारी. गाव सुमारे दहा हजार मुसलमानांचे.

१६ सप्टेंबर, गुरुवार

पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे हैदराबादची तक्रार चर्चेला येते. इकडे जहीराबादच्या वाटेवर सुरुंग पेरलेले असतात. ते काढण्यात वेळ जातो, तरी अंधार पडेपर्यंत फौज जहीराबाद ओलांडून पंधरा किलोमीटर पुढे गेलेली असते. तक्रार ऐकली जाईपर्यंत राज्य उरणार का, एवढाच प्रश्न आता शिल्लक आहे.

१७ सप्टेंबर, शुक्रवार, पहाट ते संध्याकाळी ५

पहाटे बीदर. वऱ्हाडाच्या बाजूला हिंगोली. पूर्वेची फौज चिट्यालला, राजधानीच्या वाटेवर. सकाळी लायक अलींचे मंत्रिमंडळ राजीनामा देते. निजाम भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांना बोलावतो. संध्याकाळी पाच वाजता युद्धबंदी जाहीर होते. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून बाहेर येतात.

सोमवारी पहाटे चारपासून शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत १०९ तास. दोनशे चोवीस वर्षांचे राज्य संपले. त्या संध्याकाळचा आनंद खरा होता, तो कुणी हिरावून घेऊ नये. रझाकारी भोगलेल्या माणसाला त्या रात्री पहिल्यांदा शांत झोप लागली असेल, तर तिच्यावर त्याचा पूर्ण हक्क होता. दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेडात, लातुरात झेंडा लागतो तेव्हा मीही त्या गर्दीत मनापासून उभा असतो.

पण घटनाक्रम इथे थांबवायचा की नाही, यावरच माझे म्हणणे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी, इ.स.पू. ५३९ मध्ये, बॅबिलॉनचे साम्राज्य इराणच्या सायरसपुढे कोसळले, तेव्हा तिथल्या नोंदकारांनी मातीच्या पाटीवर तारखांसह हकीकत कोरली. तश्रीतू महिन्याच्या चौदाव्या दिवशी सिप्पर न लढता पडले, सोळाव्या दिवशी फौज बॅबिलॉनमध्ये न लढता शिरली, राजा नबोनिडस पकडला गेला. राजधानीचे पतन एवढे शांत. मात्र त्याच पाटीवर आधीच्या ओळीत तैग्रिसकाठच्या ओपिस गावाचीही नोंद आहे. तिथे कत्तल झाली, लूट झाली. नोंदकाराने जेत्याच्या आगमनाची ओळ लिहिली आणि ओपिसची ओळ गाळली नाही. आपण हैदराबादची ओळ लिहिली. ओपिसची ओळ, म्हणजे लातूरची, लिहिलेली नाही.

१८ सप्टेंबर, शनिवार, दुपारी चारच्या सुमारास

हैदराबादबाहेर अल इद्रूस जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करतात. चौधरी लष्करी राज्यपाल होतात. १९ तारखेला रझवीला अटक होते. राजधानीत फारसे रक्त सांडत नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांत तीच बातमी जाते.

त्यानंतरचे वीस दिवस

इथून पुढे तास सांगता येत नाहीत, कारण ते कुणी लिहून ठेवले नाहीत. जुनी सत्ता गेली होती, नवी खेड्यापर्यंत पोहोचली नव्हती. पोलीस पाटील, अंमलदार पळालेले किंवा घाबरलेले. रझाकारांकडची हत्यारे काढून घेतली गेली, आणि रझाकार नसलेले मुसलमानही निःशस्त्र, एकटे पडले. वर्षभराचा राग, लुटीची हाव, जुनी भाऊबंदकी, सावकाराचे कागद, कुणाच्या तरी वावरावरचा डोळा, हे सगळे एकत्र आले. ज्याने अत्याचार केला तो बहुधा पळून गेला होता. जो घरी राहिला त्याने काही केले नव्हते म्हणूनच तो राहिला होता, आणि सूड त्याच्यावर उगवला.

दिल्लीच्या कानावर बातम्या गेल्या. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात ही समिती संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरली. शंभराहून जास्त खेड्यांतल्या पाचशेवर माणसांशी बोलली. तिच्या अंदाजाने संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त, किमान १८ हजार. नकाशा काढून पाहा. आजचे लातूर आणि नांदेड हे दोन जिल्हे याच पट्ट्यात येतात.

लातूरविषयी समितीने वेगळे लिहिले आहे. रझवीचे गाव, मोठी बाजारपेठ, श्रीमंत कच्छी व्यापारी. इथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. हजारावर माणसे मारली गेली. दहा हजारांतले जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले, बाकीचे पळून गेले होते. राज्य पाडायला पाच दिवस पुरले होते. ही कत्तल त्याच्या चौपट दिवस चालू राहिली आणि तिथवर पोहोचलेल्या फौजेच्या राज्यात ती थांबवली गेली नाही.

अहवाल एकांगी नाही, म्हणून मला तो विश्वासार्ह वाटतो. रझाकारांनी काय काय केले, ते त्यात स्पष्ट आहे. संस्थानाबाहेरून, सोलापूरकडून आलेल्या टोळ्यांचा उल्लेख आहे. काही ठिकाणी सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या लोकांनीच चिथावणी दिली, क्वचित स्वतः माणसे मारली, हे आहे. अनेक ठिकाणी सैन्याने माणसे वाचवली, हेही आहे. आणि एक नोंद अशी की अनेक गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे स्वतः झळ सोसून रक्षण केले. रोज शेजारी मागावर बसणाऱ्यांना धोट्याच्या आवाजावरून एकमेकांचे घर ओळखू येते. अशा माणसांनी त्या वीस दिवसांत कोणत्या घराला कडी लावली, कुणाला माळ्यावर लपवले, हे गावागावांत अजून माहीत आहे.

पुढच्या काही तारखा

राज्य ज्याचे गेले त्याचे फार काही गेले नाही. २६ जानेवारी १९५० रोजी मीर उस्मान अली खान राजप्रमुख झाले, त्यांना तनखा मिळाला, १९५६ पर्यंत ते पद राहिले. लायक अली १९५०च्या मार्चमध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. रझवी शिक्षा भोगून १९५७ साली सुटला आणि लगेच कराचीला निघून गेला. तिथे १९७०मध्ये वारला. लातूरला तो परत आला नाही. त्याच्या नावाची किंमत ज्यांनी चुकवली, त्यांच्याकडे बघायला तो थांबला नाही याचा मला आजही संताप येतो.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यात आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात आला. लातूर १९८२ साली जिल्हा झाला. नांदेडच्या विद्यापीठाला रामानंद तीर्थांचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. सुंदरलाल समितीचा अहवाल मात्र सरकारने छापला नाही. त्याची प्रत दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात सर्वसामान्य वाचकाला पाहता येऊ लागली ती २०१३च्या आसपास, पासष्ट वर्षांनी.

अहवालात आकडे आहेत, गावांची नावे आहेत, मारल्या गेलेल्यांची नावे नाहीत. मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांची नावे आपण स्मारकांवर कोरली, कारण कुणीतरी गावोगाव फिरून ती विचारली. त्या वीस दिवसांतली नावे विचारायला तसे कुणी फिरले नाही. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुले आता नव्वदीच्या आसपास आहेत. लातूरच्या जुन्या मोहल्ल्यांत, औशात, उदगिरात, निलंग्यात, नांदेडच्या खेड्यांत त्यातली काही अजून आहेत, आणि ज्यांनी शेजाऱ्याला घरात घेतले त्यांची मुलेही. महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन या वर्षीच त्यांच्याकडे जावे. पुढच्या वर्षी यातले किती जण भेटतील सांगता येत नाही.